सोलापूरचा ‘१८ टक्के जादा पाऊस’ नेमका कशाच्या १८ टक्के? सीडिंगची मागणी करताना काय लिहावं?

माणगंगा_काठ

नमस्कार मंडळी. सांगोला-आटपाडी पट्ट्यातल्या आठ-दहा ग्रामपंचायती मिळून कृत्रिम पावसाच्या, म्हणजे ढगांवर रसायन सोडायच्या सीडिंगच्या, मागणीचा ठराव करायच्या बेतात आहेत. मसुद्यात एक वाक्य असं आहे: ‘पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेने केंद्र सरकारच्या खर्चाने सोलापुरात प्रयोग केला असून त्यात पाऊस १८ टक्क्यांनी वाढल्याचे सिद्ध झाले आहे. तरी पावसाचा खंड पडताच आमच्या तालुक्यात तातडीने विमान पाठवावे.’ मसुदा तपासायला माझ्याकडे आलाय आणि या वाक्याशी गाडी अडली आहे.

१८ टक्के म्हणजे वर्षाच्या पावसाच्या? की एका पावसाच्या? सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास. तिच्यावर १८ टक्के लावले तर जवळपास १०० मिमी होतात, आणि गावात लोक आत्तापासूनच हा आकडा बोलायला लागलेत. दुसरं, विमान ढगात नेमकं काय टाकतं आणि त्याने पीक, विहिरी यांना काही होतं का? तिसरा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो: आमच्याकडे पाडलेला पाऊस पुढच्या तालुक्याच्या वाटचा असतो का?

या विषयातल्या जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. ‘असं काही नसतंच’ आणि ‘चीनमध्ये बघा’ ही दोन्ही उत्तरं ऐकून झालीत.

ढगतळ

आधी त्या वाक्यातला ‘तातडीने’ काढा, मग बाकीचं बोलू.

सीडिंगने ढग तयार होत नाही. ढग असावा लागतो, तो वाढता असावा लागतो, आणि त्यात पाणी असूनही पाऊस होत नसावा लागतो. तिन्ही अटी एकदम जुळतात ते ढग थोडे. पावसाचा खंड पडतो तेव्हा तुमच्याकडचं आभाळ आठवा. दुपारी कापसाचे पुंजके निघतात, पाचशे-सातशे मीटर उंचीचे होतात आणि संध्याकाळपर्यंत विरतात. वर कोरड्या हवेचं झाकण असतं, ते फोडून ढग वर जात नाही. अशा ढगाला कितीही मीठ चारा, तो विरतोच. किंबहुना लवकर विरतो. हे आपल्याच राज्यात मोजून झालंय. आयआयटीएमनेच पुण्याच्या पूर्वेला, बारामतीच्या बाजूला, १९७३-७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे उबदार, म्हणजे बर्फ नसलेल्या, ढगांवर मिठाचा प्रयोग केला. बारीक दळलेलं मीठ आणि शंखजिऱ्याची पूड, १० ला १ या प्रमाणात, कण साधारण १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). ज्या ढगांची जाडी १ किमीच्या वर आणि एका घनमीटर हवेत किमान अर्धा ग्रॅम पाणी, तिथे फरक दिसला. सगळा हिशेब मिळून २४ टक्के वाढ निघाली. त्याहून पातळ, कोरडे ढग मात्र विरायला लागले.

आता काय टाकतात ते. ढगातला थेंब साधारण १० मायक्रॉन त्रिज्येचा. पावसाचा मध्यम थेंब १ मिमी त्रिज्येचा. त्रिज्या शंभरपट म्हणजे आकारमान दहा लाखपट. म्हणजे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब. नुसत्या बाष्पावर थेंब तेवढा वाढत नाही. सुरुवातीला भराभर फुगतो, मग वेग मंदावतो. पुढची वाढ एकमेकांवर आदळून होते. पण सगळे थेंब सारखेच लहान असले तर ते आदळतही नाहीत, हवेबरोबर एकमेकांना वळसा घालून निघून जातात. त्रिज्या २० मायक्रॉनच्या आसपास गेलेले थोडे तरी थेंब लागतात, मग ते खाली पडता पडता बाकीच्यांना गिळत सुटतात.

समुद्रावरच्या स्वच्छ हवेत एका घनसेंटीमीटरला शंभराच्या आसपास थेंब असतात. जमिनीवरच्या धुळीच्या, धुराच्या हवेत तेच हजारावर जातात. पाणी तेवढंच, वाटेकरी दहापट. म्हणून थेंब बारीक राहतात आणि ढग पाऊस पाडायच्या आत वाहून तरी जातो नाहीतर सुकतो. सीडिंगची सगळी गोम इथे आहे. ढगाच्या तळाशी, जिथून हवा आत शिरते तिथे, पाणी ओढणारे जरा मोठे कण सोडायचे: कॅल्शियम क्लोराईड, पोटॅशियम क्लोराईड. हे कण आधी बाष्प खेचतात, त्यामुळे बाकीच्या हजार बारीक कणांना थेंब व्हायची संधीच कमी मिळते. थोडे थेंब, पण मोठे. रसायन ‘पाऊस पाडतं’ हे बोलणं म्हणून चुकीचं. ते वाटेकरी कमी करतं.

सिल्व्हर आयोडाईड हा वेगळा प्रकार. ते बर्फाचं बी. त्याला उणे ५ अंशांखालचं, पण अजून न गोठलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळीच पाच किमीच्या वर असते, म्हणजे ढगाचं डोकं सहा-सात किमीपर्यंत पोचल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. आणि त्या उंचीला पोचलेला ढग बहुधा आपणहून बरसतोच. सोलापूरचे जे टक्के तुम्ही वाचलेत ते तळातल्या, मिठाच्या सीडिंगचे आहेत.

पुढच्या तालुक्याचा वाटा. जुलै-ऑगस्टमध्ये डोक्यावरच्या हवेत एकूण बाष्प साधारण ५० मिमी पाण्याइतकं असतं. वारा सेकंदाला १० मीटर आणि पट्टा १०० किमी रुंद धरा: सेकंदाला ५० हजार घनमीटर पाणी बाष्परूपात तुमच्यावरून जातंय. तासाला १८ कोटी घनमीटर. त्यापुढे सीडिंगने मिळणारं पाणी किती, ते पुढे कोणी पैशांचा हिशेब मांडेल तेव्हा ताडून बघा. एका तासाच्या प्रवाहाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. पळवापळवीची भाषा ठरावात नको. उलट आटपाडीच्या ढगावर केलेलं काम सांगोल्यात पडायचीच शक्यता जास्त, कारण ढग वाऱ्याबरोबर सरकतो.

फ्लेअर_रॅक

वरच्या उत्तरात विमान आलं नाही म्हणून ती बाजू.

सोलापूर प्रयोगाचं नाव कायपीक्स. खर्च केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. सुरुवात २००९ साली, आणि पहिल्या टप्प्यात विमानाने देशभर फिरून नुसते ढग मोजले. बियाणं पेरायच्या आधी माती तपासावी तसं. सोलापूरची सीडिंगची उड्डाणं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात झाली. विमानं दोन. एक तळाशी फ्लेअर (मिठाचं नळकांडं) जाळणारं, दुसरं ढगात शिरून थेंबांचे आकार मोजणारं. जमिनीवर केगावला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सी-बँड रडार आणि बाकी उपकरणं. राज्यानं २०१५ आणि २०१९ मध्ये ऑगस्टपासून औरंगाबादहून जी विमानं उडवली, ती वेगळी. ते पाऊस पाडायचं काम होतं, सोलापूरचा हा प्रयोग होता. लोक दोन्हीची सरमिसळ करतात आणि एकाचं यशापयश दुसऱ्याच्या खात्यावर मांडतात.

फ्लेअर म्हणजे हातभर लांबीचं नळकांडं, वजन किलोच्या आसपास. विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला रॅक असतो, एका बाजूला दहा-बारा नळकांडी. खटका कॉकपिटमध्ये. नळकांडं जागच्या जागी जळतं, सुटून पडत नाही. जळायला साधारण चार मिनिटं.

आता अडचण बघा. विमानाचा वेग सेकंदाला ९० मीटर धरला तर चार मिनिटांत ते २१ किमीच्या वर जातं. ढगाच्या तळाशी हवा वर खेचणारा पट्टा असतो दोन-तीन किमीचा. सरळ रेषेत उडालात तर नळकांड्याचा सात-आठ हिश्शांतला एकच ढगाच्या पोटात गेला, बाकी आभाळाला धूप. म्हणून वैमानिकाला तळाच्या शे-दोनशे मीटर खाली, त्या पट्ट्यातच, तिरकं होऊन घिरट्या घालाव्या लागतात. वर चढणारी हवा आहे हे ओळखायचं कसं? इंजिनाची ताकद न वाढवता विमान सेकंदाला एक ते तीन मीटर उचललं जातं, तळ सपाट आणि काळसर दिसतो, कडा ठळक असतात. तळ फाटका, झिरझिरीत आणि खालून पावसाच्या दोऱ्या लोंबताना दिसल्या तर उशीर झाला. तिथे हवा आता खाली येतेय, जाळलेलं सगळं जमिनीकडे.

बिघाड कुठे होतात:

मीठ पाणी ओढतं, हाच त्याचा गुण आणि हाच नळकांड्याचा शत्रू. सील फुटलेलं नळकांडं पावसाळी हवेत रात्रभर उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी अर्धवट जळतं किंवा पेटतच नाही. पेटलं नाही तरी नोंदवहीत ‘वापरलं’ असंच लिहिलं जातं, म्हणून खटक्याची वेळ आणि प्रत्यक्ष जळाल्याची वेळ या दोन नोंदी वेगळ्या मागाव्यात.

ही नळकांडी ज्वालाग्राही मालात मोडतात. साठवण, वाहतूक, विमानतळावर ठेवायची जागा या सगळ्याला परवानग्या. विमानाला रॅक बसवायला विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता. हवाई हद्दीचं नियंत्रण वेगळं. हे सगळं मे महिन्यात हातात नसेल तर जुलैतले चांगले ढग कागदपत्रांच्या गठ्ठ्यावरून निघून जातात.

आणि सर्वांत मोठी चूक: रडारवर लाल डाग दिसला की विमान तिकडे वळवणं. रडारवर ठळक दिसणारा ढग पाऊस पाडायला लागलेलाच असतो. सीडिंगचा ढग रडारवर जेमतेम दिसतो किंवा दिसतच नाही. साध्या राशीढगाचं (कापसाच्या ढिगासारख्या ढगाचं) आयुष्य अर्धा-पाऊण तास. जमिनीवरून विमान उठून तळाशी पोचायला वीस मिनिटं गेली तर उरलं काय? म्हणून विमान दुपारी आधीच वर असावं लागतं, ढग जवळपास उगवायची वाट बघत. तासाचा खर्च चालू.

वजाबाकी

मूळ प्रश्न १८ टक्क्यांचा होता, तो राहूनच गेला.

निष्कर्ष २०२३ साली अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या बुलेटिनमध्ये आले. २७६ ढग निवडले, काहींवर सीडिंग केलं, काहींवर मुद्दाम नाही. कोणावर करायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. आकडे दोन: काही ठिकाणी ४६ टक्के, अधिकउणे १३. आणि सीडिंगच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला १०० चौरस किमी पट्ट्यात सरासरी १८ टक्के, अधिकउणे २.६. म्हणजे १८ टक्के हे सीडिंग झालेल्या ढगांचे, वाऱ्याखालच्या पट्ट्यात, सीडिंग न झालेल्यांच्या तुलनेत. वर्षाच्या साडेपाचशे मिमीला ते लावणं म्हणजे एका म्हशीच्या वाढलेल्या दुधावरून गावाच्या डेअरीचा हिशेब करणं. सोलापूरच्या पावसाचा मोठा हिस्सा सप्टेंबरच्या परतीच्या धारांतून आणि कमी दाबाच्या पट्ट्यांतून येतो. तिथे सीडिंगचा संबंध नाही, आणि मोठ्या गडगडाटी ढगाखाली विमान कोणी नेणारही नाही.

४६ चा आकडा ठरावात अजिबात घालू नका. ‘काही ठिकाणी’ हा शब्द महत्त्वाचा. वीस ठिकाणं मोजली की दोन-तीन ठिकाणी भरपूर वाढ दिसणारच, सीडिंग नसतं तरी दिसली असती. सरासरीच बघायची.

न सीड केलेले ढग का लागतात, हे गावात समजावणं सर्वांत अवघड. लोक म्हणतात, विमान आलं, पाऊस पडला, अजून पुरावा काय पाहिजे? पण वैमानिक निवडतो ते ढगच मुळात चांगले, वाढते. त्यातले बरेच विमान आलं नसतं तरी बरसले असते. म्हणून ढग आधी जाहीर करायचा, ‘हा योग्य’ असं नोंदवायचं, मग पाकीट फोडायचं: आत ‘करा’ किंवा ‘करू नका’. क्रम उलटा झाला की प्रयोग बाद. पाकीट आधी माहीत असेल तर माणूस नकळत बरे ढग ‘करा’च्या वाट्याला देतो.

किती ढग लागतात त्याचा अंदाज देतो. दोन शेजारच्या ढगांच्या पावसात दुपटी-तिपटीचा फरक सहज असतो. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीइतकंच धरलं आणि १८ टक्क्यांचा फरक दहापैकी आठ वेळा तरी हाती लागावा अशी अपेक्षा ठेवली, तर साध्या तुलनेत प्रत्येक गटात ४८० च्या वर ढग लागतात. ४६ टक्के फरक असता तर ७५ पुरले असते. २७६ मध्ये दोन्ही गट आले. याचा अर्थ सोलापूरचा निष्कर्ष खोटा असा नाही. सीडिंगच्या आधीची ढगाची उंची, रडारवरची वाढ वगैरे जमेस धरून सारख्याला सारखा ढग लावला की विचलन कमी होतं आणि कमी ढगांत भागतं. पण मग निकाल त्या जुळवणीच्या पद्धतीवर टेकलेला असतो. माझं मत: हा आजवरचा आपल्याकडचा सर्वांत नीट प्रयोग आहे, पण ‘सिद्ध झाले आहे’ हे शब्द अजून दोन-तीन पावसाळ्यांच्या डेटाआधी वापरू नयेत.

रडारचीही एक खोच आहे. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेल्या लहरींची ताकद मोजतं, डीबीझेड या एककात. त्यावरून पाऊस काढायचं नेहमीचं सूत्र घ्या: ४० डीबीझेड म्हणजे तासाला साडेअकरा मिमी. रडारच्या जुळणीत फक्त ३ चा फरक पडला आणि ४३ दाखवलं, की तोच पाऊस पावणेअठरा मिमी होतो. ५४ टक्के वाढ, ढगाने काही न करता! एकच रडार दोन्ही गटांना वापरलं तर ही चूक दोन्हीकडे सारखी पडून कटते. पण ‘गेल्या वर्षी विमान नव्हतं, यंदा होतं, रडार काय म्हणतंय बघा’ अशी तुलना कोणी आणली तर सोडून द्या.

सांगोला सोलापूरहून ८० किमीच्या आसपास. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला रडारचा झोत तिथे पोचेपर्यंत जमिनीपासून एक किमीहून थोडा वर गेलेला असतो. रडारला दिसलेला पाऊस त्या एक किमी कोरड्या हवेतून खाली यायचाय. त्यातला बराचसा वाटेतच वाळतो. म्हणून जमिनीवरचे पर्जन्यमापक हवेतच.

माणगंगा_काठ

बरंच डोक्यात शिरलं, आभार. दोन शंका. महसूल मंडळात महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, शिवाय दोन शाळांत साधे पर्जन्यमापक आहेत, त्यांचा उपयोग होईल का? आणि खर्च. आमच्याकडे एक जण म्हणतो लिटरला १८ पैसे, टँकरपेक्षा स्वस्त.

वजाबाकी

शाळेतल्या मापकाचा यासाठी उपयोग नाही. सकाळी साडेआठला चोवीस तासांचा एक आकडा मिळतो. सीडिंगचा परिणाम शोधायचा असतो नळकांडं जाळल्यापासून पुढच्या तास-दीड तासात. दर दहा-पंधरा मिनिटांना नोंद घेणारं यंत्र हवं. महावेधच्या केंद्राचा दहा मिनिटांचा डेटा मागा, दिवसाची बेरीज नको. पण एका मंडळात एकच केंद्र आणि ढगाचा पट्टा पाच-सात किमी रुंद, त्यामुळे बहुतेक वेळा पाऊस केंद्राच्या बाजूने निघून जातो. प्रयोगाच्या पट्ट्यात पाच किमीला एक तरी मापक लागतो. आणि जागा: मापकाच्या आसपास झाड, भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मापक बसवायची आपल्याकडे फार हौस.

रास्त_दर

१८ पैशांचा हिशेब उलगडून बघू.

प्रयोगाच्या निष्कर्षात जादा पाणी ८६७ दशलक्ष लिटर सांगितलंय, म्हणजे ८६ कोटी ७० लाख लिटर. १८ पैशांनी गुणलं की साडेपंधरा कोटी रुपये होतात. देशी विमान वापरलं तर दर निम्म्याहून खाली येईल असंही म्हटलंय. १० हजार लिटरच्या टँकरला १,८०० रुपये. इथवर स्वस्त-महाग ज्याचं त्यानं ठरवावं.

पण टँकर हौदात रिकामा होतो. हा पाऊस रानावर पसरतो. १ चौरस किमीवर १ मिमी म्हणजे १० लाख लिटर. तेव्हा ८६७ दशलक्ष लिटर १०० चौरस किमीवर पसरून बघितलं तर ८.६७ मिमी. उभ्या पिकाला त्या दिवसांत रोज चार-पाच मिमी लागतं. म्हणजे दोन दिवसांचं पाणी. खंडात फुलोऱ्यावर आलेल्या बाजरीला दोन दिवस मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण आठ-नऊ मिमी तापल्या रानात पडून ओढा वाहत नाही, बंधारा भरत नाही, बोअरला तर कळतही नाही. ठरावात ‘पिण्याच्या पाण्याची टंचाई दूर करण्यासाठी’ असं लिहिलं असेल तर ते काढा. पिकासाठी म्हणा.

रसायनाची भीती याच आकड्यावरून घालवता येते. समजा १०० किलो मीठ जाळलं आणि ते सगळं त्या जादा पाण्यातच उतरलं, तरी लिटरला ०.१२ मिलिग्रॅमही भरत नाही. तुमच्या बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला काहीशे मिलिग्रॅम असतात.

आता कंत्राटाबद्दल, कारण ठराव पुढे सरकला तर पाणी तिथेच मुरतं. पैसे नळकांड्यांच्या संख्येवर ठरले की नळकांडी जळतात, ढग असो वा नसो. पैसे उड्डाणाच्या तासांवर ठरले की तास भरतात. दोन्हीपेक्षा बरं म्हणजे ठरावीक दिवसांची तयारी, अमुक वेळेत विमान वर, अशी बांधणी. आणि नळकांड्यांचा खर्च लागेल तसा वेगळा. कागदावर मागायच्या नोंदी: प्रत्येक जळीची वेळ, अक्षांश-रेखांश आणि उंची, त्या वेळी वर चढणाऱ्या हवेचा वेग, योग्य ठरवून मुद्दाम सोडलेल्या ढगांची यादी, रडारचा कच्चा डेटा, नुसती चित्रं नकोत. मूल्यमापन करणारी संस्था विमानवाल्याने नेमलेली नसावी. हे शेवटचं वाक्य आधी जातं, त्यावर डोळा ठेवा.

केंद्राकडे मागायचंच तर सीडिंगपेक्षा मोजमाप मागा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन मौसमला दोन वर्षांसाठी २,००० कोटी मंजूर केले. त्यात रडारं, निरीक्षणं, आणि पुण्यात ढग प्रयोगशाळेत बनवून तपासायचं दालनही आहे. तुमच्या पट्ट्यात दाट पर्जन्यमापक बसले तर सीडिंग होवो न होवो, पीकविम्याच्या भांडणात तरी ते कामाला येतील.

ढगतळ

एक भर. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जूनच्या उत्तरार्धात, हवा अजून धुळीची असते आणि ओलावा आलेला असतो. वाटेकरी जास्त, पाणी पुरेसं. पुढे दोन-चार सरींनी हवा धुतली गेली की सीडिंगला करण्यासारखं कमी उरतं. एकाच पावसाळ्यात एकच रसायन सारखंच चालेल असं समजू नका. त्या दिवशीची हवा मोजून ठरवतात. ते मोजणारं विमान किंवा निदान जमिनीवरचा कणमापक नसेल तर फ्लेअर जाळणारं विमान आंधळं.

माणगंगा_काठ

मसुदा बदलला. बघा जरा:

‘सोलापूर येथील केंद्र सरकारच्या प्रयोगात सीडिंग केलेल्या योग्य ढगांखालील पट्ट्यात सरासरी १८ टक्के जादा पाऊस आढळला. त्या धर्तीवर आमच्या पट्ट्यात खरीप पिकांसाठी, पावसाळ्यापूर्वी सर्व परवानग्या घेऊन, शास्त्रीय देखरेखीखाली सीडिंग करावे. काही योग्य ढग तुलनेसाठी मुद्दाम सोडावेत. दर पाच किमीला दहा मिनिटांची नोंद घेणारा पर्जन्यमापक बसवावा आणि सर्व नोंदी खुल्या ठेवाव्यात.’

‘ढग मुद्दाम सोडावेत’ यावर ग्रामसभेत आरडाओरडा होणार, हे गृहीत धरलंय.

फ्लेअर_रॅक

‘पावसाळ्यापूर्वी’ नको. सरकारी कागदात तो शब्द ऑगस्टपर्यंत ताणला जातो. ‘३१ मेपर्यंत परवानग्या, १५ जूनला विमान आणि रडार तयार’ अशा तारखा घाला. आणि ‘सर्व नोंदी’च्या पुढे ‘न पेटलेल्या नळकांड्यांसह’ एवढं जोडा.

रास्त_दर

ग्रामसभेत सोडलेल्या ढगांचा प्रश्न आला तर खताच्या चाचणीचं उदाहरण द्या. कृषी सहायक शेताचा एक पट्टा बिनखताचा ठेवायला सांगतो, तेव्हा कोणी त्याला पट्ट्याचं नुकसान मागत नाही.

माणगंगा_काठ

मागतात हो, आमच्याकडे मागतात. पण उदाहरण घेतो. तारखा घातल्या.